बोट जाईल एवढा सैल

प्रेमलाबाईंना कुणी गप्प बसवल्याचं अख्ख्या खंडेराव गेट मोहल्ल्यात कुणाला आठवत नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरीणबाईंशी भांडून सोडलेली. पण दूधवाला असो, वीजबिलवाला असो की सुनेच्या माहेरचं माणूस, एका वाक्यात जागच्या जागी बसवावं ते त्यांनीच. घरात त्या मराठी बोलत, दारात हिंदी, आणि भांडण मात्र बुंदेलीत करत. "मराठीत शिव्या दिल्या तर इथे समजणार कुणाला?" त्या म्हणत. "उगाच फुकट जातात."

म्हणून त्या दुपारी हॉस्पिटलातल्या पुरुषांच्या वॉर्डात डॉक्टर शमिका स्टूल ओढून त्यांच्यापुढे बसली, तेव्हा सुनेने, अक्षदाने, आधीच मान खाली घातली.

शमिका भूल देणारी डॉक्टर. वडील फौजेत, त्यामुळे बबीन्याच्या छावणीत वाढलेली. मराठी घरापुरती शिकलेली.

"काकू, उद्या सुजितभैयांच्या उजव्या हाताचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "मनगटापाशी दोन नसा एकमेकींना जोडायच्या. मग वरची नस फुगून जाड होते आणि डायलिसिसच्या सुया तिथे टोचता येतात. गळ्यातली नळी काढून टाकता येईल."

"ते मला ठाऊक आहे. पुढचं बोल."

सुजित पलंगावर उशीला टेकून बसला होता. रेल्वेच्या वर्कशॉपात वेल्डर. बीपीने आतल्या आत दोन्ही किडन्या खाऊन टाकल्या तेव्हा कुठे घराला कळलं. पहिल्या आजारपणात दुसऱ्या एका हॉस्पिटलात डाव्या हाताला इतक्या बाटल्या लावल्या की त्या हाताच्या नसा वाळक्या वेलीसारख्या झाल्या. उरला उजवा. गळ्यातल्या नळीतून दर थोड्या दिवसांनी थंडी भरून ताप येई, आणि सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं, ही नळी फार दिवस ठेवण्यात जिवाला धोका आहे, उजवा हात सोन्यासारखा जपा.

"हात बधिर करायला माझ्याकडे दोन औषधं आहेत," शमिका म्हणाली. "एक लिग्नोकेन. लवकर चढतं, लवकर उतरतं. दुपारनंतर दुखायला लागतं. दुसरं ब्युपिव्हाकेन. ते सावकाश चढतं, पण हात पार दुसऱ्या सकाळपर्यंत झोपून राहतो. किडनीच्या पेशंटला यातलं कोणतं जास्त बरं, तोच माझा अभ्यास आहे. कुणाला कोणतं मिळणार ते चिठ्ठीने ठरतं."

"चिठ्ठीने?"

"मतलब... हो. चिठ्ठी काढून."

"भिशीचा नंबर काढतेस की माझ्या पोराच्या हाताचा?"

सुजितला हसू आलं. "आई, तिला तिचं काम करू दे की."

"तू गप रे. तुझं काम वर्कशॉपात, इथे माझं."

शेजारच्या पलंगावर समथरचे एक म्हातारे होते, सगळा वॉर्ड त्यांना कक्का म्हणायचा. त्यांचंही तेच ऑपरेशन उद्याच होतं. अभ्यासाला होकार देऊन मोकळे झालेले ते मध्येच म्हणाले, "हमने तो हओ कर दई, बिटिया. जौन निकरै सो निकरै."

"तुमाई का कएँ कक्का," प्रेमलाबाई फणकारल्या, "तुम तो लाटरी के टिकट हो."

कक्का बोळक्या तोंडाने खुदकन हसले. प्रेमलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे गळ्यात नळी घातली तो दिवस होता. सुन्न करायचं इंजेक्शन अर्ध्यातच उतरलं होतं. दाराबाहेर त्यांना सुजितचा आवाज ऐकू आला होता. वडील गेले तेव्हाही ज्याने हूं की चूं केलं नाही, तो पोरगा आत "आई गं" म्हणून ओरडत होता आणि त्या दाराला हात लावून उभ्या होत्या. दार उघडत नव्हतं. आयुष्यात जिभेने त्यांनी पुष्कळ दारं उघडली, तेवढं एक उघडलं नाही.

"तुझ्या अभ्यासात माझा मुलगा नाही," त्या म्हणाल्या. "त्याला ते दुसरं दे. सकाळपर्यंतचं."

"अभ्यासात यायची जबरदस्ती नाहीच, काकू." हृदयाला औषध झेपेल ना म्हणून शमिकाने फाइल उघडून ईसीजीच्या पट्ट्या पुन्हा एकदा पाहिल्या. "देता येईल. पण एक ऐकायचं. दुखणं म्हणजे हाताचा चौकीदार असतो. तो झोपला तर तुम्ही जागं राहायचं. हात दबला, काही आवळलं, तरी भैयांना कळणार नाही. घड्याळ, कडं, आवळ बाही, काही म्हणजे काही नको. बीपीचा पट्टासुद्धा कुणाला बांधू द्यायचा नाही."

"हा हात पाळण्यात होता तेव्हापासून मीच जपलाय," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तू टोच. बाकी माझ्यावर सोड."

दुसरा दिवस अनंत चतुर्दशीचा होता. तारीख सर्जनने दिलेली. प्रेमलाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सर्जनला कॅलेंडर कोण शिकवणार? त्यांच्या घरी अनंताचं व्रत पिढ्यांचं. चौदा गाठींचा तांबडा रेशमी दोरा, पुरुषाच्या उजव्या दंडाला. वर्षभर तो तिथेच राहायचा आणि पुढच्या चतुर्दशीला नवा बांधल्यावरच जुना सोडायचा. मधे दंड उघडा पडता कामा नये. कथेत आहेच, एका ऋषीने गर्वाने तो दोरा तोडून विस्तवात टाकला आणि त्याचं घरदार, गुरंढोरं, सगळं धुळीला मिळालं. सुजितचे वडील रामकृष्णराव रेल्वेत गार्ड होते. हिरव्या झेंडीच्या हाताला तो दोरा असायचा आणि स्टेशनातली माणसं त्यांना त्या दोऱ्यावरून ओळखायची.

सकाळी सिस्टर ऑपरेशनचे कपडे घेऊन आली. सुजितचा सदरा काढला, दंडावरचा दोरा पाहिला, आणि कुणी काही म्हणायच्या आत कात्रीने कच्चकन कापून पलंगाखालच्या डब्यात टाकला.

"ए!" प्रेमलाबाईंचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "काए, तुमने का काट दओ?"

"अम्मा जी, ओटी में धागा-वागा नहीं चलता।"

"खोल नहीं सकती थीं? हाथ टूटे हैं?"

तोवर सुजितला चाकाच्या पलंगावर घेऊन गेलेसुद्धा. प्रेमलाबाईंनी पदर खोचला आणि त्या रक्ताच्या बोळ्यांच्या डब्यात उघडा हात घातला. अक्षदा "आई, नको, आई" करत राहिली. दोरा सापडला. त्यांनी तो नळाखाली धुतला, कनवटीला खोचला आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्यावर मूठ ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या डोक्यात एकच होतं: दंड उघडा आहे. आजच्या दिवशी, नेमका आजच, दंड उघडा आहे.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जनने स्वतः सांगितलं, नस उत्तम होती, रक्त छान वाहतंय. सुजित परत आला तो हसतच. उजवा हात उशीवर ठेवलेला, जणू शेजारच्या कुणाचा.

"आई, बघ," त्याने डाव्या हाताने उजव्याची बोटं उचलली आणि सोडून दिली. ती भदकन पडली. "माझा आहे असं वाटतच नाही. आत्ता कुणी चोरून नेला तरी पत्ता लागायचा नाही."

"अभद्र बोलू नकोस."

शमिकाने प्रेमलाबाईंचा तळवा धरून मनगटाच्या पट्टीच्या थोडा वर टेकवला. आत काहीतरी घुरघुरत होतं. मांजर मांडीवर येऊन झोपलं की लागतं तसं.

"हे चालू राहायला हवं, काकू. हेच सगळं."

"हेच सगळं," प्रेमलाबाई म्हणाल्या. हात काढून घ्यायला त्यांना फार वेळ लागला.

कक्कांच्या चिठ्ठीत पहिलं औषध निघालं होतं; दुपार कलली तसा त्यांचा हात जागा झाला. "अरे मोरी मताई," ते कण्हू लागले, "अरे, आग लगी है." त्यांची सून वारा घालत होती, सिस्टरने गोळी दिली, तरी म्हातारा कूस बदलत होता. सुजित मात्र शांत पडून होता. प्रेमलाबाईंनी अक्षदाकडे पाहिलं. बघ, कुणाचं ऐकलं म्हणून हे असं. तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण अक्षदाला ते ऐकू आलं.

अक्षदा घरून डबा घेऊन आली होती. डब्याच्या पिशवीत एक चांदीची डबीही होती. घरच्या पूजेत केशवराव गुरुजींनी पुजलेला नवा अनंत त्यात होता. ऑपरेशन आटोपल्यावर ती घरी निघाली तेव्हा तो आणायला सासूनेच सांगितलं होतं.

प्रेमलाबाईंनी डबी उघडली, दोरा कपाळाला लावला.

"आई," अक्षदा हळूच म्हणाली, "डॉक्टर नको म्हणाल्यात ना काही बांधायला?"

"आवळ नको म्हणाली. मी काय आवळणार आहे?"

"डाव्या हाताला बांधू या का?"

"डावा बायकांचा. माझ्या मुलाला बांगड्या भरतेस का?"

सुजित म्हणाला, "बांध गं आई. तुझ्या मनाला बरं वाटेल. मला तर काही कळतही नाही."

त्यांनी पडदा ओढला. बधिर हात आपल्या मांडीवर घेतला. तो कोमट होता आणि जड, लहानपणी तापात असायचा तसा. कोपराच्या वर दोरा गुंडाळला, गाठ मारली, मग दोऱ्याखालून स्वतःचं बोट आरपार सरकवून सुनेला दाखवलं.

"हे बघ. बोट जाईल एवढा सैल. कळलं?"

अक्षदाने पाहिलं. बोट जात होतं.

सिस्टर पुन्हा कात्री घेऊन येईल म्हणून प्रेमलाबाईंनी सदऱ्याची बाही वरून नीट ओढून घेतली, वर चादर घातली. मग कनवटीचा कापलेला दोरा काढून डबीत ठेवला. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना श्वास पुरला.

त्या रात्री त्या जाग्या होत्या. कुणी म्हणू नये की म्हातारी झोपली. कक्का कण्हत, उठून बसत, सुनेकडून हाताखालची उशी सारखी करून घेत, पट्टी आवळते म्हणून कुरकुरत. एकदा तर सिस्टरला बोलावून त्यांनी ती सैलही करून घेतली. सुजित लहान मुलासारखा झोपला होता. प्रेमलाबाई त्याच्यावरची चादर नीट करत, हात उशीवरून घसरला की अलगद वर ठेवत. मनगटाला त्यांनी हात लावला नाही. झोपल्या लेकराला कशाला जागं करा?

सकाळी शमिका आली. आधी कक्कांच्या हातावर तिने बोटं टेकवली आणि हसली. "कक्का, भौंरा गूँज रहा है आपके हाथ में।"

"रात भर हमें काटत रओ तुमाओ भौंरा," कक्का म्हणाले.

मग ती सुजितकडे वळली. चादर सारली. मनगटावर बोटं ठेवली. बोटं थोडी वर सरकवली. पुन्हा खाली आणली. कानाला नळी लावून ऐकलं. घुरघुर कुठेच नव्हती. मग तिने बाही वर केली.

हात सुजला होता. ऑपरेशनचा हात सुजतोच, हे सगळ्यांना माहीत होतं; एका प्रेमलाबाईंनाच कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं? सुजेत रेशमी दोरा रुतून दिसेनासा झाला होता. दंडाला कुणी कुंकवाने रेघ ओढावी तसा नुसता एक तांबडा वळ. बोट सोडा, नखसुद्धा गेलं नसतं.

"काकू," शमिका म्हणाली, "हा कधी बांधला?"

प्रेमलाबाईंच्या तोंडाशी उत्तरं होती. आयुष्यभर कधी कमी पडली नव्हती. देवाचा आहे. सैल होता. तुझ्या सिस्टरने कापला नसता तर. त्यातलं एकही न देता त्यांनी वर केलेली बाही धरून ठेवली.

शमिका ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कात्री आणली, दोऱ्याखाली घालायला तिला जागा शोधावी लागली. दोरा तुटला तसा सुजितने डोळे उघडले.

"काय झालं?"

त्याने आईकडे पाहिलं, मग दंडाकडे. समजायला त्याला वेळ लागला नाही. वेल्डरचा डोळा तो.

"मला कळलंच नाही गं आई," तो म्हणाला. त्याचाच अपराध असल्यासारखा म्हणाला. "कळलं असतं तर सांगितलं नसतं का मी?"

दुपारपर्यंत सर्जनने पुन्हा उघडून पाहिलं. नसेत रक्त गोठून लोण्यासारखं बसलं होतं. काढलं तरी पुन्हा बसलं. संध्याकाळी गळ्यातली नळी होती तिथेच होती.

घरी परतल्यावर अक्षदा काही बोलली नाही. प्रेमलाबाई वाट बघत होत्या. भाजीत मीठ जास्त टाकून पाहिलं, तिच्या प्रेम नगरच्या माहेरचा विषय काढून पाहिला, तिकडच्या लोकांना सणवार कळत नाहीत असंही म्हणून पाहिलं. एरवी एवढ्यावर सून दोन दिवस भांडी आपटायची. आता ती "हो आई" म्हणायची आणि पोळी लाटायची. डबी तिनेच आणली होती ना, ती तरी कुणाला काय म्हणणार? ज्या घरात सासू-सुनेचा आवाज गल्लीपर्यंत जायचा, तिथे पाहुणे आल्यासारखी शांतता झाली. शेजारची यमुनाबाई विचारून गेली, "काय गं प्रेमला, घसा बसलाय का?"

"बसलाय," प्रेमलाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी यमुनाबाईला एका शब्दात वाटेला लावलं.

नवरात्रात नळीतून ताप आला. सुजित दात वाजवत पडून असायचा, अंगावर घरातली सगळी पांघरुणं. वर्कशॉपातले लोक भेटायला येत आणि लवकर उठत. प्रेमलाबाई त्याच्या पायांशी बसत. ते दोन्ही कापलेले अनंत डबीत होते. रीतीप्रमाणे वाहत्या पाण्यात सोडायला हवे होते. बेतवा काही लांब नव्हती. पण त्या गेल्या नाहीत. देवाला काय सांगून सोडायचे ते त्यांना सुचत नव्हतं, आणि न सुचणं हे त्यांना नवीन होतं.

दिवाळीनंतर ताप उतरला. सर्जन म्हणाला, त्याच हाताच्या कोपराशी एक नस आहे. बारीक आहे, खात्री देत नाही, पण ही शेवटची.

पुन्हा तोच वॉर्ड, तेच स्टूल. शमिकाने सुजितला विचारलं, "भैया, या वेळी हात बधिर करायला कोणतं औषध..."

"आईला विचारा," सुजित म्हणाला.

प्रेमलाबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. टोमणा मारणं त्याला त्यांनाच कधी शिकवता आलं नव्हतं. पोरगा बापावर गेला होता. तो खरंच विचारत होता. अजूनही.

अक्षदा खिडकीशी उभी होती. ती वळली नाही, पण तिचे कान इकडेच होते.

"लवकर उतरतं ते," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पहिलं ते. दुखू दे त्याला."

शमिकाने फाइल मिटली. "औषधाचा दोष नव्हता, काकू."

"ते मला माहीत आहे, बाई. तू दे."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि दुपारी हात जागा झाला. आधी बोटं वळवळली, मग कपाळावर घाम आला, मग सुजित ओठ दाबून कण्हू लागला. सिस्टरने गोळी दिली. त्याने थोडं हलकं झालं, सगळं नाही. दंड उघडाच होता, बाही खांद्यापर्यंत कापून काढलेली. ज्या आवाजाने त्या एकदा दाराशी उभ्या उभ्या अर्ध्या झाल्या होत्या, तोच आवाज आता त्या कान देऊन ऐकत होत्या, चुलीवरचं दूध ऐकावं तसा.

"दुखतंय का रे?"

"हो आई."

"कुठे? आवळल्यासारखं?"

"नाही. टाक्यांशी."

"बरं."

थोड्या वेळाने पुन्हा. "दुखतंय?"

"हो गं."

अक्षदा चहा घेऊन आली. सासूच्या शेजारी, त्याच स्टुलाच्या कडेवर, टेकली. इतक्या वर्षांत त्या दोघी कधी एका स्टुलावर बसल्या नव्हत्या. प्रेमलाबाईंनी सरकून तिला जागा दिली.

ऊन खिडकीतून उतरलं. सुजितचं कण्हणं हळूहळू मंदावलं, श्वास लांब झाला. त्याचा डोळा लागला होता. झोपल्या लेकराला जागं करू नये, हे प्रेमलाबाईंनी जन्मभर घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली.

"सुजित. ए सुजित. दुखतंय का?"

त्याने कष्टाने डोळे उघडले. "अं?"

"दुखतंय का, विचारतेय."

"दुखतंय आई. झोपू दे ना."

"झोप," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कोपराच्या वर, अगदी अलगद, तळवा टेकवला. तळव्याखाली काहीतरी थरथरत होतं, बारीक, येत-जात. त्यांनी डोळे मिटून लक्ष लावलं. पण हात त्यांचाही आता म्हाताऱ्या बाईचा होता, सकाळपासून कापत असलेला, आणि थरथर कुणाची आहे ते काही केल्या त्यांना ठरवता येईना.